रुपेर्तोचा पेला आणि सहाचं विमान

बोगोटाहून येणारं सहाचं विमान उतरलं, तरी विल्फ्रिदो पुएयोच्या टेबलावरचा फोन वाजला नाही. त्याने आधी वायर हलवून पाहिली, मग रिसीव्हर कानाला लावला. फोन ठणठणीत होता. 

विल्फ्रिदो विमानतळाचा शेजारसंबंध अधिकारी होता. धावपट्टीच्या टोकाला सान्ता रिता नावाची वस्ती आहे. तिथल्या लोकांची बोलणी विमानतळाच्या वतीने खायची, हे त्याचं काम. त्याला खोली दिली होती ती सामानाच्या पट्ट्यामागे, मुताऱ्यांना लागून, कारण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला तिथे फार वेळ बसावंसं वाटू नये असं साहेबांचं मत होतं. या खोलीचं सर्वात जुनं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारा रुपेर्तो. तो मात्र कधी आलाच नाही. तो फोन करायचा. सहाचं विमान त्याच्या पत्र्याला घासून गेल्यासारखं उतरलं, की लगेच.

"पुएयो, ऐकलंस?"

"ऐकलं, सेन्योर रुपेर्तो."

"मीही ऐकलं. माझ्या कोंबड्यांनी ऐकलं. माझी आई पलीकडे स्मशानात पडली आहे, तिनेसुद्धा ऐकलं असणार. लिही."

विल्फ्रिदो लिहून घ्यायचा. मग म्हातारा विचारायचा, "जेवलास का?" आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवायचा. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण रोज संध्याकाळी कुणीतरी आपल्याला जेवलास का विचारतं याची विल्फ्रिदोला सवय झाली होती. त्याच्या घरी तेवढंही विचारणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नियंत्रणकक्षातली फाबियोला बातमी घेऊन आली. म्हातारा झोपाळ्यात पडल्या पडल्या गेला होता, सहाच्या ठोक्याला, विमान यायच्या जरासं आधी.

"म्हणजे शेवटच्या विमानाबद्दल बोलायचं राहिलंच बघ त्याचं," फाबियोला म्हणाली. तिला वाटलं विल्फ्रिदो हसेल, पण तो खिडकीबाहेर पाहत बसला.

दोन दिवसांनी सकाळी डोन्या ओतिलिया, रुपेर्तोची बायको, त्या मुताऱ्यांशेजारच्या खोलीत आल्या. अंगात काळे कपडे आणि हातात फडक्याने झाकलेली थाळी होती.

"बसा ना, डोन्या. फार वाईट झालं."

"वाईट काल झालं. पेला फुटला."

विल्फ्रिदोला काहीच कळेना. मग त्यांनी बसून सगळं सांगितलं. माणूस गेला की नऊ संध्याकाळी जपमाळ होते, पांढऱ्या कापडाच्या टेबलावर मेणबत्त्या लागतात आणि आत्म्यासाठी पाण्याचा पेला ठेवतात, हे विल्फ्रिदोला ठाऊक होतंच. तोही याच भागातला होता. पण काल पहिल्याच संध्याकाळी शेवटची प्रार्थना चालू असताना सहाचं विमान आलं, पत्रा थडथडला, आणि काठोकाठ भरलेला पेला सगळ्या वस्तीदेखत सरकत सरकत टेबलाच्या कडेला गेला नि खाली पडला.

"तोमासा म्हणाली, ही संध्याकाळ धरायची नाही. पाणी सांडलं की आत्मा तहानेला राहतो. उद्यापासून पुन्हा एक."

तोमासा म्हणजे वस्तीत प्रार्थना सांगणारी बाई. तिच्यापुढे पाद्रीसुद्धा आवाज चढवत नसे.

"मग थोडं आधी सुरू केलं तर?"

"तो सहाला गेला. शेवटची प्रार्थना सहालाच पडायला हवी."

"थोडं नंतर?"

"सातला तोमासाची मालिका असते."

"पेला जमिनीवर ठेवला तर पडणार नाही."

"जमिनीवर?" डोन्या ओतिलियांनी त्याच्याकडे पाहिलं. "माझा नवरा काय कुत्रा होता?"

विल्फ्रिदोने तक्रारीची वही पुढे ओढली.

"आता ऐक, बाळा. रोज विमान येणार, रोज पेला पडणार, आणि तोमासा रोज एकपासून मोजणार. सगळी वस्ती रोज माझ्या दारात येऊन बसते. कॉफी, बिस्किटं, डोमिनो. चिचो न्हावी तर जेवूनच जातो. माणूस एकदा मेला ते ठीक, पण मी त्याला किती दिवस मेलेला ठेवू?" त्यांनी डोळे पुसले. "जन्मभर त्याने तुमच्याकडे शांतता मागितली. जिवंतपणी नाही मिळाली. आता नऊ संध्याकाळी तरी द्या."

अशा वेळी काय बोलायचं हे विमानतळाने विल्फ्रिदोला पढवून ठेवलं होतं. 'नियमात बसत नाही' हे वाक्य तो झोपेतही म्हणू शकला असता. पण त्याच्या नजरेसमोर तो न वाजणारा फोन आला आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

"बघू या, डोन्या. काय करता येतं ते."

डोन्या ओतिलियांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, कपाळावर क्रूस काढला आणि थाळी टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. थाळीत अंडं भरलेल्या मक्याच्या गरम तळलेल्या आरेपा होत्या. विल्फ्रिदोने एक खाल्ली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत. विमानतळ झाल्यापासून सान्ता रिता वस्तीला तिथून फक्त 'नाही' ऐकू आलं होतं. 'बघू या' हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा धावपट्टी ओलांडून पलीकडे गेला, आणि दुपारपर्यंत प्रत्येक घरात त्याचा अर्थ 'हो' असा झाला.

तो धडपडत साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे डॉक्टर बेर्मुदेस. औषधाचे नव्हेत. आमच्याकडे एसीच्या खोलीत टाय बांधून बसणारा कुणीही डॉक्टरच असतो. ते खुर्चीवर उभे राहून भिंतीवर स्वतःच्या हाताने फलक लावत होते: 'वक्तशीरपणा हाच आपला धर्म'.

"साहेब, ते सहाचं विमान..."

"सहाचं विमान म्हणजे आपली अब्रू, पुएयो. पुढच्या आठवड्याच्या शेवटी विमान कंपनीचे अध्यक्ष स्वतः त्यातून येणार आहेत. वेळेवर उतरले तर आपल्याला दुसरी फेरी मिळेल. उशीर झाला तर आहे तीही जाईल. जरा वाकडा वाटतोय का फलक?"

"डावीकडे थोडा."

"तुम्ही काय म्हणत होता विमानाचं?"

"वेळेवर यायला हवं, असं म्हणत होतो."

त्या संध्याकाळी विल्फ्रिदो खोलीचं दार लावून कान टवकारून बसला. सहा वाजायला आले. पलीकडे वस्तीत आता शेवटची प्रार्थना सुरू झाली असेल, पेला भरून ठेवला असेल. आता येईल, आता येईल म्हणता म्हणता सहा वाजून गेले. विमान आलं नाही. तो धावत नियंत्रणकक्षात गेला.

"बोगोटात धो धो पाऊस आहे," फाबियोला म्हणाली. "तासभर तरी नाही निघत. तुला काय झालं? रडतोयस का?"

"नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराशी केळ्यांचा एक घड आणि पायाला दोरी बांधलेली एक जिवंत कोंबडी होती. चिचो न्हावी दाराशी टेकून उभा होता.

"काय पुएयो, कमाल केलीस."

"मी काही केलं नाही. बोगोटात पाऊस होता."

"हो हो, पाऊस," चिचोने डोळा मारला. "आम्ही कुणाला सांगत नाही."

त्या संध्याकाळी धावपट्टीच्या मधोमध घोरपडीसारखा एक भला मोठा इग्वाना ऊन खात बसला आणि हलायलाच तयार होईना. विमान समुद्रावर घिरट्या घालत राहिलं. जपमाळ शांतपणे पार पडली, तोमासाबाईंनी पेला झाकून कपाटात ठेवला, आणि मगच इग्वाना उठून गवतात गेला. तिसऱ्या दिवशी वैमानिकाची ड्यूटी संपली म्हणून दुसरा शोधेपर्यंत उशीर झाला. चौथ्या दिवशी एक बाई नवऱ्याशी भांडून उडायच्या आधी खाली उतरली आणि तिची बॅग शोधायला सगळं सामान बाहेर काढावं लागलं. आजवर कधी न चुकलेलं विमान रोज नव्या कारणाने लटकायला लागलं. पहिल्या दिवशी विल्फ्रिदोने देवाचे आभार मानले होते. आता त्याला देवाची भीती वाटू लागली.

कारण प्रत्येक उशिराचं श्रेय वस्ती त्याच्याच खात्यावर जमा करत होती. एक आई आली. तिच्या मुलीचा पंधरावा वाढदिवस होता आणि केक कापतानाच्या फोटोत मागे विमान यायला हवं होतं. "जरा तिरकं आलं तर बरं दिसेल," ती म्हणाली. शाळेच्या बाईंना परीक्षेच्या सकाळी आकाश मोकळं हवं होतं. चिचोला फुटबॉलच्या शेवटच्या सामन्यात, पेनल्टी आल्यास, तेवढा वेळ. विल्फ्रिदो प्रत्येकाला घसा फोडून सांगायचा की विमान माझ्या हातात नाही. लोक समजुतीने मान हलवायचे, भेट ठेवायचे आणि जायचे. जितकं तो नाकारायचा, तितका त्याचा दबदबा वाढत होता.

शेवटी हे साहेबांच्या कानावर गेलंच. ते त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत, पण आठव्या संध्याकाळी विमान उशिरा उतरल्यावर आले आणि दारातच थबकले. खोलीत चार घड केळी, नारळाच्या वड्यांचा डबा, सुके मासे आणि आता दोन कोंबड्या होत्या.

"पुएयो, हे काय आहे?"

"शेजारसंबंध, साहेब."

"माझ्या ड्रायव्हरची बहीण सान्ता रितात राहते. ती सांगते की सहाचं विमान तुम्ही थांबवता."

"साहेब, मी विमान कसं थांबवणार? मला स्वतःची बस थांबवता येत नाही."

"मलाही तेच वाटलं होतं," साहेब कोंबडीकडे पाहत म्हणाले. "पण आठ दिवसांत आठ वेळा उशीर, आणि तुमच्या टेबलावर कोंबडी. कंपनी विचारते आहे, मी काय सांगू? उद्या अध्यक्ष येतायत. उद्या ते विमान मिनिटभर जरी उशिरा आलं ना, तर तुमच्या जागी दुसरा माणूस बसेल. आणि हो, हार-फुलं घेऊन तुम्ही स्वतः विमानाखाली उभे राहायचं. फोन चालू ठेवा."

म्हणजे उद्या नववी संध्याकाळ. विमान उशिरा आलं तर विल्फ्रिदोची नोकरी जाणार होती. वेळेवर आलं तर ऐन निरोपाच्या क्षणी पेला पडणार होता, म्हातारा तहानेला राहणार होता, आणि डोन्या ओतिलियांच्या दारात पुन्हा नऊ संध्याकाळी वस्ती बसणार होती. आधी काय नको म्हणून देवाकडे मागावं, हेच त्याला ठरवता येईना. रात्रभर तो कूस बदलत राहिला. पहाटे त्याला एक गोष्ट सुचली. विमान आपल्या हातात नाही हे खरं, पण पेला आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सामानाच्या खोलीतून फोमचा एक जाड तुकडा घेतला आणि शर्टात लपवला. बेत सोपा होता. जपमाळ सुरू व्हायच्या आत वस्तीत जायचं, कापडाखाली पेल्याच्या खाली फोम सरकवायचा, आणि फुलं घेऊन सहाच्या आत विमानाखाली हजर व्हायचं. "इतका शांत का आहेस?" फाबियोलाने जाता जाता विचारलं. "विमान वेळेवर निघालंय, ऐकलंस ना?" त्याने हार-फुलं तिच्याकडे सांभाळायला दिली आणि तो निघाला. शर्टाखाली त्याला घाम फुटला होता.

वस्तीत पाय ठेवताच त्याचा बेत अर्धा कोसळला. सगळी गल्ली माणसांनी भरली होती. शेवटची संध्याकाळ म्हणून प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. त्याला पाहताच लोकांनी वाट करून दिली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी त्याच्याही हातात मेणबत्ती कोंबली. तो तसाच आत गेला आणि टेबलापुढे गुडघ्यांवर बसला. समोर पांढरं कापड, झेंडूची फुलं, रुपेर्तोचा फोटो. फोटोतही म्हातारा वर आकाशाकडे रागाने पाहत होता. त्याच्या पुढ्यात काठोकाठ भरलेला पेला.

विल्फ्रिदोने वाकून शर्टात हात घातला आणि कापडाची कड उचलली. इतक्यात एक जाड हात त्याच्या खांद्यावर पडला.

"रड, पोरा, मोकळेपणाने रड," तोमासाबाई म्हणाल्या. "बघा गं, परका माणूस, पण याच्याइतकं कुणाला लागलंय का? याला पुढे बसवा."

त्याने घाईघाईने हात मागे घेतला. मुठीत फोम तसाच होता. तोमासाबाईंनी त्याला दंडाला धरून पहिल्या रांगेत, टेबलाला लागून बसवलं, आणि जपमाळ सुरू झाली. आता उठणं शक्य नव्हतं. तोमासाबाईंच्या जपमाळेतून आजवर फक्त एक माणूस मध्येच उठून गेला होता, आणि त्यालाही घेरी आली म्हणून उचलून नेला होता. एकेक मणी सरकत होता आणि विल्फ्रिदोचा जीव टांगणीला लागला होता. किती वाजले ते पाहावं म्हणून त्याने शर्टाचा खिसा चाचपला. फोन खिशात नव्हता.

फोन कापडाखाली गेला होता. फोम काढताना बोटांबरोबर तोही बाहेर आला असावा आणि पेल्याच्या अगदी शेजारी सरकला असावा. हे त्याला तेव्हा कळलं, जेव्हा साहेबांनी पहिला फोन केला.

पांढऱ्या कापडाखाली एकदम निळसर उजेड पडला आणि टेबल गुंऽऽऽ करू लागलं.

प्रार्थना थांबली नाही, पण सगळ्यांचे आवाज बारीक झाले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आला."

तोमासाबाई डोळे मिटून होत्या. त्या डोळे मिटूनच प्रार्थना सांगत आणि आवाज वाढवून संकटं पळवत. त्यांनी आवाज वाढवला. साहेबांनी पुन्हा फोन केला. पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली आणि पेला हळूहळू कडेकडे निघाला. डोन्या ओतिलियांनी तोंडावर हात ठेवला. चर्चची घंटा सहाचे ठोके द्यायला लागली, आणि ठोके संपायच्या आत लांबून तो ओळखीचा आवाज आला. आज विमान वेळेवर होतं.

विल्फ्रिदोने विचार केला नाही. विचार केला असता तर तो तिथून पळाला असता. त्याने पुढे होऊन पेला दोन्ही हातांत उचलला. त्याच क्षणी विमान पत्र्यावर आलं. घर हललं, भांडी वाजली, कोंबड्या ओरडल्या. पेला आता टेबलावरून पडणार नव्हता, पण विल्फ्रिदोचे हात टेबलापेक्षा जास्त थरथरत होते. पाणी काठावर आलं, आता सांडणार, एक थेंब जरी जमिनीवर पडला तरी पुन्हा नऊ दिवस. त्याने पेला ओठाला लावला आणि घटाघट प्यायला.

विमान गेलं. सगळीकडे इतकी शांतता झाली की दूर धावपट्टीवर चाकं टेकल्याचाही आवाज आला. विल्फ्रिदोने उरलेला अर्धा पेला हळूच जागेवर ठेवला. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. चिचोचा जबडा उघडाच राहिला होता. एका मृत माणसाच्या तोंडचं पाणी पिणारा माणूस वस्तीने आजपर्यंत पाहिला नव्हता.

तोमासाबाईंनी शेवटचा मणी सोडला आणि डोळे उघडले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं. मग जवळ जाऊन, चष्मा लावून पाहिलं.

"प्यायला," त्या म्हणाल्या. त्यांनी क्रूस काढला. "अर्धा पेला. माझ्या जन्मात असं कुणी प्यायलं नाही. आत्मे बोटभर पितात फार तर."

 विल्फ्रिदोच्या पाचावर धारण बसली होती. पहिल्या रांगेतल्या कुणाचाही एक शब्द पुरे होता. चिचोने डोन्या ओतिलियांकडे पाहिलं, मग कॉफीच्या रिकाम्या पातेल्याकडे, मग आभाळाकडे.

"लागली असेल तहान," तो शेवटी म्हणाला. "जन्मभर ओरडत होता बिचारा."

"हो ना," त्याची बायको म्हणाली. मग पहिली रांग एकापाठोपाठ एक मान डोलावू लागली. नऊ संध्याकाळी आणखी बसायची ताकद आता कुणातही उरली नव्हती. बाहेर गल्लीतल्या लोकांनी मेणबत्त्या वर केल्या, दारं उघडी टाकली आणि म्हाताऱ्याला निरोप दिला. डोन्या ओतिलिया टेबल आवरू लागल्या. कापड ओढल्यावर खाली त्यांना विल्फ्रिदोचा फोन सापडला. तो अजून गुं गुं करत होता. त्यांनी तो त्याच्या हातात ठेवला.

"जिवंत असता," त्या हळूच म्हणाल्या, "तर विमानतळाच्या माणसाच्या हातून थेंब नसता प्यायला."

"डोन्या, मला माफ..."

"गप. माझी कॉफी संपली आहे."

दुसऱ्या दिवशी विल्फ्रिदो खोलीतलं सामान आवरायच्या तयारीनेच कामावर आला. आदल्या संध्याकाळी विमान वेळेवर आलं होतं, पण तो विमानाखाली नव्हता. फुलं फाबियोलाने दिली होती. साहेबांनी बोलावलं तेव्हा त्याने राजीनामा खिशातच ठेवला होता. साहेब टेबलामागून उठले, पुढे आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

"पुएयो, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय, साहेब?"

"मेणबत्त्या. अध्यक्षांनी खिडकीतून पाहिलं. अख्खी गल्ली, हातात मेणबत्त्या, वर तोंड करून. ते म्हणाले, सगळीकडे वस्त्या आमच्यावर दगड मारतात, इथे आमचं दिव्यांनी स्वागत होतं. डोळे भरून आले त्यांचे. दुसरी फेरी पक्की." साहेबांनी त्याचे खांदे दाबले. "दर शुक्रवारी तेच करून घ्या. ते दर शुक्रवारी येणार आहेत."

विल्फ्रिदो खोलीत परतला आणि डोकं धरून बसला. त्या मेणबत्त्या कुणासाठी होत्या हे तो साहेबांना सांगू शकत नव्हता, आणि साहेबांना काय वाटलं हे वस्तीला सांगू शकत नव्हता. तो तसाच बसून राहिला. सहा वाजले. विमान वेळेवर उतरलं.

फोन वाजला.

त्याने तो पहिल्या घंटेलाच उचलला.

"पुएयो," डोन्या ओतिलियांचा आवाज आला. "ऐकलंस?"

"ऐकलं, डोन्या."

"मीही ऐकलं. कोंबड्यांनीही. आता पुढे तो काय म्हणायचा?"

"आईनेसुद्धा ऐकलं असणार म्हणायचा. स्मशानात आहे ती."

"आता तोही तिथेच आहे. दोघांनी ऐकलं. लिही."

त्याने कागद ओढला आणि अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. त्याचे डोळे पाणावले होते, आणि ते त्याने लपवलं नाही, कारण खोलीत फक्त कोंबड्या होत्या. लिहून झाल्यावर त्याने धीर गोळा केला.

"डोन्या, एक विचारायचं होतं. ते... दर शुक्रवारी, सहाच्या सुमारास, वस्तीने जरा मेणबत्त्या घेऊन गल्लीत उभं राहायचं, असं काही जमेल का?"

पलीकडे कॉफीचं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग डोन्या बोलल्या.

"बघू या, बाळा. काय करता येतं ते." आणि मग, "जेवलास का?"

विल्फ्रिदो उत्तर देणार इतक्यात त्यांनी फोन ठेवला.